काचपेटीच्या अलीकडे

आमच्या संग्रहालयात मुलांना दालनं दाखवणाऱ्या ताई निवृत्त झाल्या, त्या दिवशी त्यांनी ताब्यात दिलेलं सगळं सामान एका टेबलावर मावलं. शिक्षण विभागाच्या कपाटाची किल्ली, शाळांच्या भेटींचं रजिस्टर, मुलांच्या हातात द्यायच्या वस्तूंची पेटी आणि वर्कशीटच्या झेरॉक्सचा गठ्ठा. पेटीतली एकेक वस्तू यादीशी ताडून पाहिली गेली. प्रतिकृती किती, खापरं किती, कुठल्या तुकड्याचा कोपरा उडालाय, हे सगळं लिहून खाली सह्या झाल्या. मग नव्यानं रुजू झालेल्या मुलीनं सहज विचारलं, "ताई, मडक्यांच्या दालनात तुम्ही मुलांना सुरुवातीला काय विचारता?" ताई क्षणभर विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "काहीच नाही गं. थांबते." सगळे हसले, त्याही हसल्या, आणि बोलणं दुसरीकडे वळलं.

मला मात्र ते उत्तर पुढे कित्येक दिवस चैन पडू देईना. आमच्याकडे मण्याचा अर्धा तुकडासुद्धा नोंदणी क्रमांकाशिवाय राहत नाही. तो कुठे सापडला, कुठल्या थरात, किती मिलिमीटरचा आहे, कोणत्या दालनातून कोणत्या दालनात कधी हलवला, सगळं लिहिलेलं असतं. त्याच इमारतीत एक बाई आपली सगळी नोकरी मुलांपुढे उभी राहिली. तिनं शोधून काढलेल्या युक्त्या, करून पाहून सोडून दिलेले प्रश्न, बदलत बदलत पक्का केलेला दालनांचा क्रम, यातलं काहीही कुठल्याच कागदावर नाही. आणि हे कोणाला खटकलंही नाही, कारण हे जपायचं असतं असं आमच्यापैकी कोणाच्या मनातच आलं नव्हतं.

ताईंचं ते थांबणं मी पाहिलेलं आहे. अंगठ्याच्या ठशाचं मडकं दालनाच्या कोपऱ्यातल्या काचपेटीत आहे. मडकं अर्धंच उरलंय, पण कान जिथे चिकटवला होता तिथे कुंभारानं दाबलेला अंगठा स्पष्ट उमटलाय. मुलं दालनात शिरतात ती धावतच. फरशीवर बुटांचे आवाज, काचेवर हातांचे ठसे, मागून शाळेच्या बाईंचं "रांगेत, रांगेत!" ताई या गोंधळात काचपेटीजवळ उभ्या राहत नसत. थोड्या अंतरावर चक्क फरशीवर बसत आणि मुलांकडे न बघता मडक्याकडे बघत राहत. मोठं माणूस खाली बसून एवढं काय बघतंय, म्हणून दोघंतिघं येऊन शेजारी बसत. मग आणखी काही. कोणीतरी म्हणे, "फुटलंय ते." ताई म्हणत, "हं." पुन्हा शांतता. "आत काळं आहे." "कुठे, दाखव." एकदा एका मुलीनं स्वतःचा अंगठा काचेसमोर धरला, एक डोळा मिटला, अंतर जुळवलं आणि म्हणाली, "माझा अंगठा बसेल त्यात." मग एकदम चारपाच अंगठे वर झाले. मागच्या रांगेतला एक जण हळूच पुटपुटला, "म्हणजे लहान मुलानं केलंय?" पुढच्या कल्ल्यातून तो आवाज ताईंना कसा ऐकू आला कोण जाणे. त्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं आणि तेव्हा कुठे सांगितलं, की मातीत बोटाच्या रेषासुद्धा राहतात, त्या रेषांची रुंदी मोजून भांडं करणारं माणूस मोठं होतं की लहान याचा अंदाज अभ्यासक बांधतात. ही माहिती शेजारच्या लेबलवर लिहिलेली होती. पहिल्याच मिनिटाला सांगून टाकता आली असती आणि मुलांनी मान डोलावून ती ऐकलीही असती. आता मात्र ती त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून आली होती.

यातलं ताईंनी नव्या मुलीला सांगायचं तरी काय? 'आधी खाली बसा, मग थांबा'? तिनं तसं केलं असतं आणि मुलं तिला वळसा घालून पुढच्या दालनात पळाली असती. ताईंच्या थांबण्यात रिकामपण नव्हतं. त्या सगळा वेळ ऐकत असत, कोण कंटाळायला लागलंय, कोणाच्या ओठांवर काहीतरी आलंय, गप्प बसणं कधी फार लांबलं, हे ओळखत असत.

अमेरिकेतल्या मेरी बड रो या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक. १९७० च्या दशकात त्यांनी वर्गांमधल्या ध्वनिफिती ऐकून शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबतात ते मोजलं. सरासरी एक सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं नाही की शिक्षक प्रश्न बदलतात, दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात. हा वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला, तर उत्तरं लांबतात, न विचारताही मुलं बोलायला लागतात, एकमेकांच्या म्हणण्यावर बोलतात, 'असं असेल का' म्हणून अंदाज बांधतात. त्यांनी आणखी एक थांबा मोजला होता, त्याकडे कमी लोकांचं लक्ष जातं. तो म्हणजे मुलानं उत्तर दिल्यानंतरचा. तिथे आपण लगेच "छान!" म्हणतो आणि त्या एका शब्दानं विचार बंद पडतो. संग्रहालयात तर घाई जास्तच असते, कारण गट पाठोपाठ येत असतात आणि सहा दालनं संपवायची असतात. पण हे वाचून सगळ्यांना पटतं, मान्यही होतं, आणि दालनात उभं राहिल्यावर तीन सेकंद सोसवत नाहीत. ते सोसणं मी ताईंच्या मागे उभं राहून शिकले. वाचलेलं होतं, तरीही ते डोळ्यांनी पाहावं लागलं.

आमच्या कामाला इतिहास आहे, हेही आम्हाला फार उशिरा कळतं. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात बेंजामिन आयव्ह्ज गिलमन यांनी १९०७ च्या सुमारास प्रेक्षकांसोबत दालनात उभं राहून बोलणारी माणसं नेमली. याच गिलमन यांनी १९१६ मध्ये एक फार बोलका अभ्यास छापला. एका माणसाला त्यांनी काचपेट्यांमधल्या वस्तूंविषयी साधे प्रश्न दिले आणि उत्तरं शोधताना त्याचे फोटो काढले. फोटोंत तो माणूस गुडघ्यांवर टेकलाय, कमरेत वाकलाय, मान तिरकी करून लेबल वाचायला धडपडतोय. संग्रहालयात माणूस थकतो तो का, याचं उत्तर त्यांनी असं डोळ्यांसमोर ठेवलं. शंभराहून जास्त वर्षं झाली, तरी खालच्या फळीवर लहान अक्षरांत लावलेली लेबलं मी अजूनही पाहते. दुसऱ्या एका संग्रहालयातल्या सहकाऱ्यानं मला एकदा सांगितलं होतं, "मुलांच्या चेहऱ्याकडे बघू नका, टाचांकडे बघा. टाचा उचललेल्या असतील तर त्यांना दिसत नाहीये. एका पायावर भार गेला असेल तर पाच मिनिटांत गट सुटणार." हे वाक्य त्यानं कुठे वाचलं नव्हतं. गिलमनही त्यानं वाचलेले नव्हते. एकच गोष्ट दोघांना दोन टोकांना स्वतंत्रपणे शोधावी लागली. याचं मला कौतुक वाटतं आणि वाईटही वाटतं.

इतकी शहाणी माणसं, आणि प्रत्येक जण पहिल्यापासून सुरुवात करतोय.

संग्रहालय-शिक्षकांच्या कार्यशाळा मला मनापासून आवडतात, आणि तिथून परतताना मी बहुतेक वेळा थोडी उदास असते. मंचावर जे सांगितलं जातं त्यात फोटो असतात, मातीनं माखलेले हात, हसरे चेहरे, पाठमोरी रांग. किती शाळा आल्या, किती मुलं आली, हेही सांगितलं जातं. सगळं खरं असतं, मेहनतही खरी असते. पण त्यातून मला सोमवारी दालनात उपयोगी पडेल असं फार थोडं हाती लागतं. उपयोगी गोष्टी मधल्या सुट्टीत, जिन्यावर, बॅगा उचलताना कळतात. अशाच एका सुट्टीत मी एका बाईंना विचारलं होतं, की आठवीनववीची मुलं वस्तू हातात घ्यायला लाजतात, हात मागे बांधून उभी राहतात, तुम्ही काय करता? त्या म्हणाल्या, "पहिल्यांदा त्यांच्या सरांच्या हातात द्या. सर चाचपडताना दिसले की मुलांची भीड जाते." पुढच्याच आठवड्यात मी ते करून पाहिलं. सरांनी डोळे मिटून दगडी वजन तळहातावर तोललं, अंदाज चुकला, आणि सगळी मुलं पुढे सरसावली. दोन दिवसांच्या कार्यशाळेत ते एक वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटलं आणि ते कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. मंचावर माणूस आपली संस्था घेऊन उभा असतो. समोर वरिष्ठ असतात, कधी देणगीदारही असतात. 'माझ्याकडे मुलं हात मागे बांधून उभी राहतात' हे तिथे सांगणं अवघड जातं, हे मी समजू शकते. पण तेच सांगितल्याशिवाय दुसऱ्याला आपल्याला काही देता येत नाही.

कल्पना प्रवास करते तेव्हा तिचं काय होतं, हे पाहायचं असेल तर चित्रासमोर विचारायचे हे तीन प्रश्न घ्या. या चित्रात काय चाललंय? असं म्हणायला तुला त्यात काय दिसलं? आणखी काय सापडतंय? न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात शिक्षण विभागाचे प्रमुख असताना फिलिप येनावाइन यांच्यासमोर एक अडचण उभी राहिली. लोकांना तिथल्या मार्गदर्शित फेऱ्या आवडत होत्या, पण त्यात सांगितलेलं त्यांच्या फारसं लक्षात राहत नव्हतं. मानसशास्त्रज्ञ ॲबिगेल हाउझेन यांनी माणसं चित्र कसं बघतात याचा पुष्कळ वर्षं अभ्यास केलेला होता. दोघांनी मिळून जी पद्धत बसवली ती 'व्हिज्युअल थिंकिंग स्ट्रॅटेजीज' या नावानं जगभर गेली. तीन प्रश्न चटकन पाठ होतात, एका कागदावर मावतात, म्हणून ते गेले. त्या पद्धतीतला अवघड भाग मात्र बऱ्याचदा मागेच राहिला. मूल बोलत असताना ते सांगतंय ती जागा चित्रात बोटानं दाखवायची असते. त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत, पण आपला निवाडा न घुसडता, परत मांडायचं असतं. आधीच्या कोणाच्या बोलण्याशी ते जोडायचं असतं. हे येत नसेल तर तेच तीन प्रश्न चौकशीसारखे वाटायला लागतात. मी असे वर्ग पाहिलेत. दर उत्तरानंतर "असं म्हणायला तुला काय दिसलं?" आलं की चौथ्या वेळी मूल "काही नाही" म्हणून मागे सरकतं.

या पद्धतीवर आमच्यात वादही आहेत. शिक्षकानं माहिती जवळपास सांगायचीच नाही, हे अनेकांना पटत नाही. मलाही ते प्रत्येक वस्तूला लागू करावंसं वाटत नाही. चित्रासमोर ते चालतं. एखाद्या ताम्रपटासमोर, ज्याची लिपीच वाचता येत नाही, मुलांना 'आणखी काय सापडतंय' म्हणत राहणं मला त्यांच्यावर अन्याय केल्यासारखं वाटतं. तिथे एक ओळ वाचून दाखवावी, एखादं अक्षर ओळखायला द्यावं. मग तीच मुलं ते अक्षर सगळ्या पत्र्यावर शोधत बसतात. ज्या संग्रहालयात हे वाद मोकळेपणी होतात, तिथली माणसं पद्धत वापरतात. जिथे होत नाहीत तिथे ती नुसती पाळली जाते.

देवाणघेवाणीचा मला सगळ्यात आवडणारा नमुना विज्ञान केंद्रांमधला आहे. फ्रँक ओपनहायमर हे भौतिकशास्त्रज्ञ, पुढे काही वर्षं खेड्यातल्या हायस्कूलमध्ये शिकवलेले. त्यांनी १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक्सप्लोरेटोरियम सुरू केलं. तिथे प्रयोग समजावून सांगायला हायस्कूलची मुलं ठेवली होती, आणि ते सांगता सांगता तीच मुलं सगळ्यात जास्त शिकत. १९७० च्या दशकात या संस्थेनं आपली प्रदर्शनं कशी बनवायची याची पुस्तकं काढायला सुरुवात केली. त्यांना नावच 'कुकबुक' दिलं. दुसऱ्यांनी बघून बनवावं, हाच उद्देश. त्यामुळे जगभरच्या विज्ञान केंद्रांमध्ये त्या प्रदर्शनांची भावंडं दिसतात. मला त्यात विशेष वाटतं ते असं, की मोजमापं आणि जोडणी सांगून ते थांबत नाहीत. त्या प्रदर्शनात काय कमी पडतं, आणखी काय करून पाहता येईल, याचीही नोंद त्यात केलेली आहे. म्हणजे कल्पना देताना तिच्या उणिवाही सोबत दिल्या. आम्ही वर्कशीट पाठवतो तेव्हा असा एक परिच्छेद खाली कधी लिहितो का? तिसरा प्रश्न कोणालाच येत नाही, पाचव्यानंतर मुलं नुसती एकमेकांचं बघून लिहितात, असं?

आम्ही ते लिहीत नाही, त्याला भीड हे एक कारण आहे, आणि मालकीची भावनाही. नाण्यांच्या पेटीसमोर मी बरीच वर्षं एक प्रश्न विचारते: हे नाणं शेवटी कोणाच्या हातातून निसटलं असेल? दुसऱ्या एका संग्रहालयात गेले असताना तिथल्या शिक्षिकेनं तोच प्रश्न विचारलेला ऐकला. एका कार्यशाळेत आम्ही भेटलो होतो, तेव्हा मीच तो सांगितला होता. तिनं तो माझ्यापेक्षा चांगला विचारला. मुलांनी चोर, राजा, व्यापारी सांगून झाल्यावर तिनं नाण्याच्या झिजेकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "एवढं गुळगुळीत व्हायला किती हात लागले असतील?" मी तिथपर्यंत कधी गेलेच नव्हते. छातीत काहीतरी टोचलं, हे खरं. हा माझा प्रश्न आहे, असं कोणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि त्याच वेळी त्या मुलांचे चेहरे बघून इतका आनंद होत होता, की दोन्ही एकदम कसं वाटू शकतं याचंच नवल करत मी उभी होते. तिचा झिजेचा प्रश्न मी आता माझ्या दालनात वापरते आणि तो कोणाकडून घेतला ते प्रशिक्षणात सांगते.

एकमेकांना शोधायची धडपड आमच्या क्षेत्रात जुनी आहे. वॉशिंग्टनमध्ये १९६९ साली काही संग्रहालय-शिक्षक एकत्र बसायला लागले, १९७३ मध्ये त्यांनी एक छोटं वार्तापत्र काढलं आणि त्यातूनच पुढे या विषयाचं गंभीर नियतकालिक उभं राहिलं. २०२२ मध्ये प्राग इथे आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेनं संग्रहालयाची नवी व्याख्या स्वीकारली, तेव्हा शिक्षण आणि आनंद यांच्यासोबत चिंतन आणि ज्ञानाची देवाणघेवाणही त्यात आली. मला हे वाचून बरं वाटलं. पण या व्याख्येच्या दोनच वर्षं आधी, कोविडमुळे संग्रहालयं बंद पडली तेव्हा, कितीतरी ठिकाणी पहिली कामं गेली ती तासांवर आणि कंत्राटावर शिकवणाऱ्यांची. त्यांच्यातले बरेच परत आले नाहीत. वस्तू जागच्या जागी होत्या, लेबलं होती. त्यांच्यासमोर काय बोलायचं हे ज्यांना ठाऊक होतं, ती माणसं मात्र दुसऱ्या कामांना लागली होती.

ताई गेल्यानंतर काही महिन्यांनी आम्ही एक वही सुरू केली. प्रत्येक वस्तूला एक पान. डावीकडे बघायला आलेली माणसं काय म्हणाली ते त्यांच्याच शब्दांत, उजवीकडे आम्ही काय करून पाहिलं आणि खाली काय फसलं ते. लिहायचं पेन्सिलनं, कारण दालनात पेन न्यायचं नाही. शिकवणाऱ्यानं लिहायचं नाही, मागे उभं राहणाऱ्यानं लिहायचं. आणि शिक्षकाचं कौतुक किंवा चुका लिहायच्या नाहीत, फक्त समोरच्यांनी काय केलं ते. हा शेवटचा नियम पाळणं सगळ्यात कठीण गेलं. शिकवणाऱ्याचीही अडचण होतीच: मागे कोणी पेन्सिल घेऊन उभं आहे म्हटल्यावर आवाज बदलतो, आपण समोरच्या मुलांऐवजी मागच्या माणसाला शिकवायला लागतो. हळूहळू ते कमी झालं. फोनवरून मी ताईंना अधूनमधून विचारते आणि त्या सांगतील तेही वहीत जातं, पण त्यांना स्वतःला फारसं आठवत नाही. "तिथे उभी राहिले की आठवेल," म्हणतात, आणि मला ते पटतं. त्यांना एक दिवस दालनात बोलवायचं आहे.

वहीची पानं वस्तूच्या मूळ फाइलमध्ये लावावीत की शिक्षण विभागातच ठेवावीत, यावर अजून निर्णय झालेला नाही. संग्रहाची जबाबदारी असलेल्या क्युरेटरांचं म्हणणं, फाइलमध्ये खातरजमा केलेली माहितीच असावी. माझं म्हणणं, लोक एखाद्या वस्तूला सतत काय विचारतात ही त्या वस्तूविषयीची माहितीच आहे आणि पुढचं लेबल लिहिणाऱ्याला ती हाताशी मिळायला हवी. मी हे दर बैठकीत मांडते आणि मांडत राहणार आहे.

परवा त्या नव्या मुलीच्या वर्गानंतर मोठ्या लोखंडी कुलपाचं पान भरलं गेलं. लिहिणारी होती आमची संवर्धन विभागातली सहकारी. एरवी ती प्रयोगशाळेबाहेर पडत नाही, त्या दिवशी हौसेनं मागे उभी राहिली होती. तिनं लिहिलंय: 'कुलूप किती जुनं आहे हे कोणी विचारलं नाही. किल्ली कुठे आहे, हे सातआठ जणांनी विचारलं. उत्तर न देता किल्ली कशी असेल ती काढायला सांगितली. भोकाचा आकार बघायला सगळे खाली वाकले, दोघं आडवेच झाले. एकीनं विचारलं, आत स्प्रिंग असते का. कोणाला माहीत नव्हतं.' खाली 'फसलं' या जागी: 'शेवटच्या चौघांना भोक दिसलंच नाही, पेटी उंच आहे.' आणि त्याखाली तिनंच आणखी एक ओळ लिहिली आहे: 'या कुलपाचा एक्स-रे आमच्याकडे आहे. हवा असल्यास देते.' तो एक्स-रे इतकी वर्षं वरच्या मजल्यावर होता, आणि कुलपासमोर उभं राहून बोलणाऱ्या आमच्यापैकी कोणालाही ते माहीत नव्हतं. शुक्रवारच्या गटाला तो दाखवायचं ठरलंय. मुलांनी किल्ल्या काढून झाल्यावर दाखवावा असं मला वाटतं. नवी मुलगी म्हणते, आधी एक्स-रे हातात देऊ, तो कशाचा आहे ते सांगायचंच नाही, आणि ही वस्तू दालनात शोधायला लावू. दोन गट आहेत, तेव्हा सकाळी तिच्या पद्धतीनं आणि दुपारी माझ्या पद्धतीनं करू.